काथ्याचे केस

काथ्याचे केस कापायचे नसत, उपटायचे असत. हे मी आजवर ज्यांना ज्यांना सांगितलं, त्या सगळ्यांनी माझ्याकडे जरा संशयानेच पाहिलं आहे. परवा सुनेबरोबर गंगापूर रोडवरच्या कुत्र्यांच्या पार्लरमध्ये गेले होते. हो, आता त्याला पार्लरच म्हणतात. काचेपलीकडे एक तरुणी टेबलावर उभ्या केलेल्या छोट्या टेरियरच्या पाठीवरून मशीन फिरवत होती आणि तांबडे-पांढरे केस पुंजक्यांनी खाली पडत होते. मला राहवलं नाही, मी काच वाजवली. म्हटलं, "अगं, याच्यावर मशीन नको चालवूस, याचा केस बोटांनी काढायचा असतो." ती हसली. "आजी, दुखेल ना त्याला," म्हणाली. सुनेने माझं कोपर धरलं आणि "आई, चला" एवढंच पुटपुटली. मी बाहेर आले. पण बोटं दिवसभर स्वस्थ बसेनात, आणि शेवटी ठरवलं की काथ्या आमच्या घरी होता त्या वर्षाचं एकदा लिहूनच टाकावं.

आम्ही नाशिकच्या सातपूर कॉलनीत राहायचो. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे मोरी आणि मोरीपलीकडे हातभर अंगण. बाबा एका कारखान्यात लेथ मशीनवर टर्नर होते आणि त्यांची पाळी आठवड्याला बदलायची. पहिली आणि दुसरी पाळी कशीबशी निघून जायची. तिसरीच्या आठवड्यात बाबा सकाळी घरी येत, आंघोळ करून जेवत आणि दुपार टळेपर्यंत झोपत. त्या आठवड्यात आमच्या घरात आवाजाला बंदी असे. कुकरची शिट्टी थरथरायला लागली की आई पदराने ती अलगद उचलून वाफ सोडायची. लसणाची चटणी कुटायची तर खलबत्ता अंगणात न्यायची आणि खाली दुमडलेलं गोणपाट घालायची. मी एकुलती एक, त्यामुळे घरात दंगा करणारं तसंही दुसरं कोणी नव्हतं, तरी लहानपणी मी सर्वांत जास्त ऐकलेला शब्द "हळू" हाच असणार. आईचं एकच मागणं होतं. बाबांना एकदा जनरल शिफ्ट मिळावी, त्यांनी माणसांसारखं सकाळी जावं आणि संध्याकाळी घरी यावं. देवापुढे दिवा लावताना ती हे पुटपुटायची आणि मी मागे उभी राहून ऐकायची.

कॉलनीच्या कडेला एक गोडाऊन होतं. तिथले वॉचमन म्हणजे भोयेबाबा. पेठ तालुक्याच्या डोंगरातला माणूस, उन्हाने काळवंडलेला, बोलायला कंजूष. देवळालीला एका लष्करी अधिकाऱ्याच्या बंगल्यावर त्यांनी आयुष्यभर कुत्री सांभाळली होती. साहेब नोकरी संपवून दूर निघून गेले आणि जूली नावाची त्यांची टेरियर कुत्री भोयेबाबांकडे राहिली. या जातीला जॅक रसेल म्हणतात हे मला फार नंतर कळलं. तेव्हा आम्ही नुसतं टेरियर म्हणायचो, आणि आमच्या आईच्या तोंडी ते "टेरीर" व्हायचं. जूलीला तीन पिल्लं झाली आणि तिघांचे केस तीन तऱ्हांचे निघाले. एक होतं गुळगुळीत, बोट फिरवलं तर सरकन जाईल असं. दुसरं मधलंच, पाठ सपाट आणि तोंडाभोवती, पायांवर चार चुकार केस उभे. तिसऱ्याच्या अंगभर राठ, वेडेवाकडे केस, पाठीवर तांबडा डाग, हनुवटीला दाढी आणि डोळ्यांवर म्हाताऱ्या वकिलासारख्या भुवया. गुळगुळीत पिल्लू सगळ्यांनाच हवं होतं, ते आठ दिवसांत गेलं. त्यापाठोपाठ मधलं गेलं. राठ केसांच्या पिल्लाला बघून लोक विचारायचे, याला काही रोग आहे का.

भोयेबाबांनी ते माझ्या ओंजळीत ठेवलं. "लोकांना कळत नाय पोरी," म्हणाले. "गुळगुळीतवाल्याचा केस बारा महिने गळतो. सुईवानी गोधडीत घुसतो, निघता निघत नाय. ह्याचा गळायचा नाय. ह्याचा केस पिकतो. पिकला का तो आपण काढायचा, तवा नवा येतो." त्याच्या अंगावर हात फिरवताना मला काथ्याच्या पायपुसण्याची आठवण झाली, म्हणून मी त्याचं नाव काथ्या ठेवलं.

केस काढायला त्यांनीच शिकवलं. डाव्या हाताने कातडी ताणून धरायची, उजव्या हाताच्या अंगठा आणि तर्जनीत चार-पाचच केस घ्यायचे, आणि केस ज्या दिशेने वाढतो त्याच दिशेने ओढायचे. पिकलेला केस हातात येतो, कुत्र्याला पत्ताही लागत नाही. जो येत नाही तो कच्चा, त्याच्या वाटेला जायचं नाही. बोटं निसटली तर खडूची भुकटी लावायची. आधी आंघोळ घालायची नाही, कारण धुतलेला केस मऊ पडतो आणि पकडीत येत नाही. कान आणि पोट सर्वांत शेवटी, तेही त्याचा मूड बघून. आणि कात्री कधीच लावायची नाही. कात्रीने केस वरून कापला जातो आणि मेलेलं मूळ आतच राहतं. मग नवीन केसाला ना रंग ना ताठपणा, सगळा कापूस होतो, आणि त्या कापसात पाणी, चिखल, गोचीड सगळं मुक्कामाला येतं. "कात्री लावली तर कुत्रा तोच, पन अंगरखा गेला," भोयेबाबा म्हणायचे. शाळेत मला पाढे येत नव्हते, पण काथ्याचे केस कुठे पिकलेत हे मी डोळे मिटून सांगितलं असतं.

आईला हे मान्य नव्हतं. जिवंत जनावराचे केस उपटायचे म्हणजे तिच्या दृष्टीने पापच. शेजारच्या बायकाही ओट्यावरून वाकून बघायच्या आणि "काय गं, कोंबडी सोलतेस का?" म्हणायच्या. आईची माया वेगळ्या वाटेने जायची. दिवाळीच्या पहाटे मला न्हाऊ घालून झालं आणि ती तेलाची वाटी घेऊन काथ्याकडे वळली. "त्यानेच काय घोडं मारलंय?" म्हणत तिने त्याला खोबरेल तेल चोळलं, उटणं लावलं, शिकेकाईने न्हाऊ घातलं आणि वर ओवाळलंसुद्धा. मी कपडे बदलून बाहेर आले तर काथ्या चपट्या, तेलकट, केविलवाण्या उंदरासारखा पाटावर बसलेला. मी रडले, पाय आपटले. पुढे महिनाभर त्याचा एक केस बोटांत धरता येईना. आईला काही केल्या कळेना की तेल लावल्याने कोणाचं काय बिघडतं. आता मला त्या सकाळचं हसू येतं. तिच्या त्या एका गोष्टीवर मी मनापासून हसू शकते.

बाबांचं मात्र काथ्यावर प्रेम आहे असं मी धरून चालले होते, आणि तसं धरायला मला कारण होतं. काथ्या टेरियर होता, म्हणजे पान हललं तरी भुंकणारा. तिसऱ्या पाळीच्या आठवड्यात तो भुंकला की आई धावायची, पण बाबा अंथरुणातूनच म्हणायचे, "भुंकू दे गं. त्याचा आवाज मला लागत नाही." ज्या घरात कुकरला तोंड उघडायची परवानगी नव्हती, तिथे काथ्याला होती. याहून मोठा पुरावा चौदा वर्षांच्या मुलीला काय हवा?

संक्रांतीच्या सुमाराला एका दुपारी बाबा माझ्या शेजारी ओट्यावर येऊन बसले. मी काथ्याची पाठ काढत होते. बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "मंजू, देवळालीला कुत्र्यांचं प्रदर्शन आहे. पुढच्या रविवारच्या पुढचा रविवार. उतरवायचा का याला?"

मला आधी खरंच वाटेना. "आपल्याला घेतील?"

"का नाही घेणार? असा कुत्रा आहे कोणाकडे नाशकात? तू फक्त त्याला तयार कर. एकदम फर्स्टक्लास दिसला पाहिजे."

त्या दोन आठवड्यांइतकी सुखात मी कधी नव्हते, हे कबूल केलं पाहिजे. बाबांनी पाळी बदलून घेऊन दोन्ही आठवडे पहिलीच ठेवली होती. ते तीन-साडेतीनला येत, चहा पीत आणि सरळ माझ्याजवळ येऊन बसत. काथ्याला त्यांनी धरायचं आणि मी केस काढायचे. खडूची भुकटी त्यांनी स्वतः कारखान्यातून आणलेल्या बारीक कानशीने घासून द्यायची. मी त्यांना सांगायची की पाठीचा केस आखूड ठेवायचा, पायांवरचा थोडा राखायचा, दाढी चौकोनी दिसली पाहिजे, भुवया दोन्ही सारख्या. ते मान डोलवत ऐकायचे. मध्येच विचारायचे, "हे किती दिवसांनी करावं लागतं? जेवायला काय? आंघोळ?" वडील आपल्याला प्रश्न विचारताहेत आणि उत्तर आपल्याला येतंय, याची कोण ऐट होती मला. ते स्वतःसाठी विचारत नव्हते, हे मला कसं सुचावं? भोयेबाबांना मी प्रदर्शनाचं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "देवळालीत? म्या नाय ऐकलं." मी म्हटलं, तुम्हाला आता तिथलं कोण कळवणार.

रविवारी बाबांनी मित्राची स्कूटर आणली. काथ्याला मी पिशवीत घालून मांडीवर घेतलं, फक्त डोकं बाहेर. स्कूटर कॉलेज रोडला वळली तेव्हा मी विचारलं, "बाबा, देवळाली तर तिकडे ना?"

"आधी साहेबांकडे जायचंय. प्रदर्शनातले मोठे तेच आहेत. त्यांनी पाहिला की झालं."

साहेब म्हणजे बाबांच्या कारखान्याचे मॅनेजर. बंगला, पुढे हिरवळ, पांढऱ्या वेताच्या खुर्च्या. साहेब, त्यांच्या बाई आणि दोन लहान मुलं आधीच बाहेर येऊन थांबली होती. मला वाटलं ही परीक्षा आहे, आणि मी तशीच वागले. काथ्याला हिरवळीवर उभं केलं, मान वर, शेपूट ताठ. टेरियरच्या केसांचे तीन प्रकार कोणते ते सांगितलं. हा सर्वांत राठ प्रकार, याचा केस गळत नाही, दर दोन-तीन महिन्यांनी बोटांनी काढावा लागतो, हेही सांगितलं. बाईंचा हात धरून पिकलेला केस कसा ओळखायचा ते दाखवलं. "कात्री लावू नका आणि तेल तर अजिबात नको," असंही मी म्हणाले, म्हणजे सर्वसाधारण माहिती म्हणून. साहेब हसले आणि बाबांना म्हणाले, "हुशार आहे हो तुमची मुलगी."

बाबा म्हणाले, "दोन आठवडे राबली साहेब. खास तुमच्यासाठी तयार केलाय तिने."

मी बाबांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. मुलांनी काथ्याला उचललं होतं आणि ती "टॉफी, टॉफी" अशी हाक मारत होती, म्हणजे नावसुद्धा आधीच ठरलेलं होतं. बाईंनी मला बशीतून काजूकतली दिली. बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून "चल" म्हटलं. मी म्हटलं, "आणि काथ्या?" बाई जरा चपापल्या, साहेबांकडे वळल्या. बाबांनी खांद्यावरचा हात आवळला आणि मी चालायला लागले. ओरडले नाही, त्याला ओढून घेतलं नाही. मागून तो भुंकत होता आणि मोकळी पिशवी माझ्या हातात होती.

वाटेत बाबांनी स्कूटर थांबवून मला उसाचा रस पाजला. मी तो प्यायले, पूर्ण ग्लास. ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. बाबा स्वतः काही घेत नव्हते. ते रस्त्याकडे तोंड करून उभे होते. मग म्हणाले, "मोठी होशील तेव्हा कळेल तुला." मी मोठी झाले, म्हातारी झाले. कळलं सगळं, कळून काही उपयोग झाला नाही.

घरी आलो तर दारातच कुळथाच्या शेंगोळ्यांचा वास. शेंगोळे म्हणजे माझा जीव की प्राण, पण पीठ मळून एकेक वळत बसायचा तो उद्योग आई सणासुदीशिवाय करत नसे. त्या दिवशी ना सण होता ना पाहुणे. चुलीवरचं पातेलं भरलेलं होतं, म्हणजे सकाळी आमची स्कूटर वळणावर गेली तेव्हाच तिने पीठ घेतलं असणार. तिला माहीत होतं. मला निरोप देताना तिने काथ्याच्या डोक्यावरून हात फिरवला होता, तो कशासाठी हे तेव्हा समजलं. तिने ताट वाढलं. मी जेवले नाही. तीही जेवली नाही, पण तिची दया यावी एवढी जागा माझ्या मनात उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी शाळा बुडवून भोयेबाबांकडे गेले. वाटलं होतं, निदान हा माणूस माझ्या बाजूचा आहे. ते जूलीला भाकरी कुस्करून घालत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मी तुज्या हातात दिला व्हता. तुज्या बापाच्या नाय."

"मला माहीत नव्हतं बाबा. खरंच."

"तयार तर तूच केलास ना."

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला नाही. त्यांना मी दोष देत नाही. कुत्रा देऊन टाकायच्या आधी त्याला दोन आठवडे सजवणारी मुलगी बघून मीही ठेवला नसता. त्यानंतर मी गोडाऊनच्या रस्त्याने जाणं सोडलं.

महिन्याभरात बाबांची जनरल शिफ्ट झाली. साडेपाचला बाबा घरी, सहाला चहा, आठला तिघं एकत्र जेवायला. आई रंगात आली होती. कुकर मन मानेल तेवढ्या शिट्ट्या देत होता, खलबत्ता घरात आला होता, आई काम करताना मोठ्याने गाणी म्हणायची आणि तिला इतका गोड आवाज आहे हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मी रागावून राहायचं ठरवलं होतं. पण बाबा रोज संध्याकाळी कोपऱ्यावरून वळताना दिसले की मला बरं वाटायचं, आणि बरं वाटतंय म्हणून मी स्वतःवर चिडायची. रात्रीच्या जेवणाला बाबा असणं मला आवडत होतं. हे लिहायला मला जड जातंय, पण ते खरं आहे.

मे महिन्यात बाबा कामावरून आले आणि माझी नजर चुकवत म्हणाले, "साहेबांच्या बाई विचारत होत्या, तू जरा येऊन जाशील का. त्याच्या कातडीला काहीतरी झालंय." मी जाणार नाही असं आई धरून चालली होती. मी गेले. एकटी, बसने.

त्यांनी मशीन लावलं होतं. उन्हाळा लागला तसं बाईंना वाटलं, एवढ्या केसांत बिचाऱ्याला उकडत असेल. साहेबांचा न्हावी दर रविवारी घरी यायचाच, त्याच्याकडून पार मुळापर्यंत उतरवून घेतले आणि कातडी लाल झाली म्हणून रोज खोबरेल तेल चोळलं. मी जे जे करू नका म्हणून सांगितलं होतं, ते ते त्यांनी मायेनेच केलं होतं. ओसरीत एक मळकट, फिक्या रंगाचं, लोकरीसारखं काहीतरी पडलं होतं. पाठीवरचा तांबडा डाग चहा सांडल्यासारखा पुसट झाला होता. पोटाखाली खाजवून खाजवून जखमा. मी त्याला हाक मारायच्या आधीच तो उठला आणि येऊन माझ्या मांडीवर आडवा झाला, मान लांब करून, केस काढायला घेतल्यावर व्हायचा तसा.

काढण्यासारखं काहीच नव्हतं. केस बोटांत धरला की तुटायचा. मी रिठ्याच्या पाण्याने तेल काढलं, बारीक फणीने मेलेली लोकर विंचरली, जखमांना हळद लावली. दुपार त्यातच गेली. बाईंना सांगितलं, पुन्हा राठ केस यायला वर्ष लागेल, आणि तेही कोणी सतत बसून काढलं तर. त्या खरोखर वाईट बाई नव्हत्या. माझ्याजवळ पायरीवर टेकल्या आणि म्हणाल्या, "मुलांची हौस फिटली गं. मला याचं करणं होत नाही. तू घेऊन जातेस का परत? साहेबांना मी सांगेन."

मला काथ्या हवा होता, यात तिळमात्र शंका नाही. पण मला दिसत होतं ते आमचं आठ वाजताचं जेवण. कुत्रा परत आला तर शिफ्टही परत जाईल असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं, आणि तसं होणार नाही असं मला कोणी सांगितलं नव्हतं. आईचं गाणं थांबेल. पुन्हा "हळू" सुरू होईल. मी म्हटलं, "नको बाई. आमच्याकडे जागा नाही."

घरी येऊन हे बाबांना सांगितलं. ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "शहाणी आहेस." आयुष्यात त्यांनी केलेलं हे माझं पहिलं कौतुक. पुढे कित्येक वर्षं मी लोकांना सांगत आले की माझ्या वडिलांनी माझा कुत्रा मला फसवून देऊन टाकला. मुलांना सांगितलं, सुनेलाही सांगितलं. गोष्ट खरी आहे, पण ती मी नेहमी उसाच्या रसाच्याही आधीच थांबवायची.

कारण मे महिन्यातल्या त्या दुपारी साहेबांच्या बंगल्यावरून मी निघाले तेव्हा काथ्या उठून माझ्या पायाला पाय लावून चालत आला. त्याला वाटलं, केस झाले, आता घरी. बाई आत गेल्या होत्या, बाबा तिथे नव्हते, खांद्यावर कोणाचाही हात नव्हता. मी गेटबाहेर पडले, तो बाहेर यायच्या आत गेट लोटलं, गजांतून हात घालून आतली कडी लावली आणि ती नीट बसली आहे ना, ते एकदा ओढून बघितलं.